पाणी पाजलेली होडी

होडीत चढताना सगुणा आधी डावा हात नाळेला लावते, मग कपाळाला.

होडीत कुणी उभं राहिलं तर ती ओरडत नाही. वल्हं थांबवते. तो माणूस खाली बसला की पुन्हा वल्हवते.

मागच्या फळीशी पाणी साचलेलं दिसलं की त्यात बोट बुडवते आणि जिभेला लावते. गोडं लागलं तर पावसाचं. खारट लागलं तर चिंतेचं.

भरती कधी, असं विचारलं तर घड्याळ बघत नाही. चिंबोऱ्यांची बिळं बघते.

चहाच्या कपातला तळाचा घोट कधी पीत नाही. तो बांधावर ओतते. कुणासाठी, ते सांगत नाही.

नवऱ्याचं नाव घेत नाही. होडीला नावच नाही.

ह्या सवयी क्षिप्राला एका वर्षात कळल्या. बहुतेक बघून, काही विचारून. विचारायची तिला खोडच होती.

क्षिप्रा चौलची. घरची नारळी-पोफळीची वाडी, वडील अलिबागला कोर्टात कारकून. मराठीत एम.ए. झाली आणि करंजघरच्या ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. करंजघर खाडीच्या पलीकडे. रस्त्याने जायचं तर पुलाचा अकरा किलोमीटरचा वळसा. म्हणून ती अलीकडच्या पाणखार गावात बांधावर स्कूटर लावायची आणि सगुणाच्या होडीतून पलीकडे जायची. सात मिनिटं लागायची. वारा तोंडावर असला तर दहा.

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, होडी ग्रामपंचायतीची का?

“माजी हाय,” सगुणा म्हणाली.

“म्हणजे तुमच्या घरची.”

“घरची न्हाय. माजी.”

हा फरक क्षिप्राला पुढे कळला. होडी सगुणाच्या माहेरची. तिचा बाप खाडीच्या तोंडाशी एका गावात तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचा. त्याला मुलगा नव्हता. लेकीच्या लग्नात भांडीकुंडी द्यायची ऐपत होती. पण त्याने दिली होडी. सागाच्या फळ्या, ऐनाच्या बरगड्या. बाकीच्या सुनांना आंदणात हंडे-कळश्या आल्या, पाणखारच्या ह्या सुनेला होडी आली. त्यावर गाव महिनाभर हसलं असेल.

पण खरं हसू वरातीचं. नवरा रामचंद्र खाडीकाठी जन्मलेला, आगऱ्याच्या घरातला, आणि पाण्याला घाबरणारा. लहानपणी कुठल्याशा उधाणात चुलत भाऊ गेला, तेव्हापासून त्याने घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. नवरी बापाबरोबर होडीतून निघाली, नवरा एसटीने. एसटी वाटेत पंक्चर झाली. नवरी सासरच्या बांधाला लागली, स्वतः होडी खुंट्याला बांधली आणि हळदीच्या अंगाने तासभर नवऱ्याची वाट बघत बसली. अजून गावात कुणी उशिरा आलं की म्हणतात, आला बघा रामचंद्राच्या एसटीने.

रामचंद्रही हसतो. उंच, किडकिडीत माणूस. हात गुडघ्याला टेकतात की काय असे लांब. चाळीस वर्षं तो बांधावर बसून बायकोला जाताना बघतो, येताना बघतो. मधल्या वेळात भातशेती बघतो. होडीत त्याने पाय ठेवलेला नाही.

क्षिप्राला होडीपेक्षा आधी शब्दांची भूल पडली. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात हे ऐकून ती दिवसभर त्याच विचारात होती. बाळाची नाळ आणि होडीची नाळ एकच कशी? तिने सगुणाला विचारलं.

“ते तुमी शिकल्यांनी सांगायचं,” सगुणा म्हणाली. “आमी तिथं नारळ फोडतो.”

मग क्षिप्रा बघायला लागली. लाकडाच्या होडीला माणूस किती लागतो ते तिला माहीत नव्हतं. महिन्यातून एकदा, मोठ्या ओहोटीला, होडी चिखलात कलती व्हायची. सगुणा जुन्या विळ्याने तिच्या पोटाला चिकटलेली कालवं खरवडायची. मग सुक्या झावळ्या पेटवून खालून धग द्यायची. खाडीतला किडा लाकूड पोखरतो, केसाएवढ्या भोकातून शिरतो आणि आत बोटाएवढा होतो. धगीने तो मरतो. धग किती द्यायची ते तळहाताने ठरवायचं. हात टेकवता आला पाहिजे, ठेवता येता कामा नये. मग मोरी माशाचं तेल. तो वास क्षिप्राच्या ओढणीला लागायचा आणि कॉलेजात मुली नाक मुरडायच्या.

सगळ्यात नाजूक काम फटींचं. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत कापसाची वात ठोकायची, वरून तेलात कढवलेली राळ. हे काम रेवदंड्याचा अनंता सुतार करायचा. वर्षातून चार दिवस यायचा, ह्यांच्याच पडवीत राहायचा. दोन वर्षांमागे त्याची नजर गेली. तो मुलीकडे निघून गेला. त्याच्यामागे ते काम जाणणारं कुणी राहिलं नाही. दोन वर्षं सगुणानेच डागडुजी केली.

पौषातल्या एका सकाळी होडीत कॉलेजच्या पाच मुली होत्या. अर्ध्या खाडीत मागच्या फळीतून पाणी आलं. झिरपलं नाही, आलं. सगुणाने एका हाताने वल्हं मारलं, दुसऱ्या हाताने करवंटीने पाणी उपसलं. पाय टेकेपर्यंत मुलींच्या पिंढऱ्या भिजल्या होत्या. मुली हसत होत्या. त्यांना गंमत वाटली.

 तेव्हापासून सगुणाने दोघींच्या वर माणूस होडीत घेतलं नाही. चार चार खेपा मारल्या.

ही गोष्ट निकेतच्या कानावर गेली. निकेत तिचा मुलगा. पेणला राहतो, दोन डंपर आहेत. आईवर जीव आहे. दर रविवारी येतो, येताना कलिंगड नाहीतर गोळ्या आणतो, जाताना आईच्या खांद्याला स्वतः मलम चोळून जातो. तिचा उजवा खांदा वर होत नाही. वल्ह्यापुरता होतो, त्याच्यावर नाही.

त्याने फायबरचं काढलं. खाडीतल्या बहुतेकांनी लाकडी होड्यांवर फायबर चढवून घेतला होता. वरून काचेच्या धाग्याचं कापड, त्यावर रसायन, की झालं. ना कालवं, ना किडा, ना वात, ना राळ.

“एकदा मारला की दहा वर्षं बघायला नको, आये,” तो म्हणायचा. “टेन्शनच नाय.”

सगुणा तीन रविवार नाही म्हणाली. तिचं म्हणणं एवढंच, की लाकूड पाणी पितं म्हणून फुगतं, फुगतं म्हणून फटी मिटतात. त्याचं तोंड बांधलं तर ते आतून कुजेल आणि वरून कुणाला दिसणारही नाही. निकेत म्हणायचा, कुजेल तेव्हा कुजेल. तुझा खांदा आज गेलाय.

चौथ्या रविवारी ती म्हणाली, “मार.”

क्षिप्रा तिथेच होती. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

शिमगा झाल्यावर होडी वर काढली. पाणखारच्या आठ-दहा जणांनी ओंडक्यांवरून ढकलत ती अंगणापुढच्या मोकळ्या जागेत आणली. निकेत फायबरवाल्या चंदरला घेऊन आला. चंदर तिशीतला, बडबड्या, करंजा-रेवसपर्यंत शंभर होड्या केल्याचं सांगणारा. त्याने रसायनाची दोन निळी पिंपं आणि कापडाची गुंडाळी पडवीत ठेवली. होडीवर टकटक करून बघितलं.

“काकी, महिनाभर कडक ऊन दाखव हिला. हाडासारखी वाळली पाहिजे. ओल राहिली ना, तर फायबर धरत नाय. फुगे येतात. आणि फटींत कापूस तेवढा भरून घे.”

सगुणाने मान हलवली आणि त्याला चहा दिला.

महिनाभर क्षिप्रा अकरा किलोमीटरच्या वळशाने गेली. शनिवारी मात्र ती पाणखारला थांबायची. होडी उन्हात पडलेली. आठवड्यागणिक तिचा रंग उतरत गेला, काळ्याची राखी झाली. फळ्या आकसल्या. एक दिवस क्षिप्रा वाकून तिच्या आत बघायला गेली, तर पलीकडचं अंगण दिसलं. उजेडाच्या बारीक पट्ट्या, एकीखाली एक. एका पट्टीतून कोंबडी चालत गेली.

“तान लागलीय तिला,” सगुणा म्हणाली.

ती त्या उजेडाच्या पट्ट्या एकेक करून बुजवत होती. मांडीवर कापूस वळायची, तेलात बुडवायची, बोथट छिन्नीने फटीत सारायची आणि वरून लाकडाच्या मोगरीने ठोकायची. क्षिप्राने डोळे मिटून ऐकलं. फट रिकामी असताना आवाज ठणठणीत होता. वात बसत गेली तसा तो जाड झाला. शेवटी नुसता ठप्प. तो आला की सगुणा पुढे सरकायची.

क्षिप्रानेही वाती वळल्या. सगुणाने त्यातली एक उचलली, दोन्ही टोकांनी ओढली. ती सुटली.

“बाई, ही देवापुढं लाव.”

पण मागच्या टोकाला, जिथे सुकाणूच्या वरची फळी बसायला असते, तिच्याखालची फट राहिली. पाणी आलं ते तिथूनच. आत हात घालून, वर करून ठोकायला लागतं. सगुणाचा खांदा तिथवर जात नव्हता. तिने दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने पदराने नव्हे, कोपराने पुसलं, कारण हात राळेचे होते.

क्षिप्राला वाटलं, आता ह्याचा काय उपयोग. वरून तर फायबरच येणार.

चंदर यायचा होता रविवारी. गुरुवारी दुपारी क्षिप्रा पाणखारला गेली आणि अंगणापुढची जागा रिकामी होती. ओंडके इकडे तिकडे पडलेले. पडवीत रामचंद्र गुडघ्यांत मान घालून बसला होता. तो म्हणाला, होडी उधाणाने नेली. दुपारी डोळा लागला, उठून बघतो तर पाणी अंगणाच्या कडेपर्यंत आलेलं आणि होडी नाही. बायकोही नाही. पाणी ओसरायला लागल्यावरही बांधापर्यंत जाऊन बघायची त्याची छाती होत नव्हती. त्याने क्षिप्राकडे बघितलं. ती धावली.

बांधावर सगुणा सुपात करंदी, बारीक कोळंबी, निवडत बसली होती. शेजारी चंद्राबाई, तिची शेजारीण, पान जुळवत होती. समोर गढूळ पाणी उतरत होतं. त्यात होडीच्या नाळेचं वीतभर टोक वर आलं होतं. बाकीची होडी पाण्याखाली.

“मावशी, होडी बुडाली?”

“बुडवली.”

क्षिप्रा उभीच राहिली. तिला बोलायला काही सुचेना. ज्या बाईने नाळेला हात लावल्याशिवाय कधी पाय टाकला नाही, ती आपली होडी बुडवून करंदी निवडत होती.

“बस,” सगुणा म्हणाली. “पानी पाजतेय तिला.”

क्षिप्राला विळ्याला पाणी पाजतात ते माहीत होतं. तापलेलं पातं पाण्यात बुडवतात, धार पक्की होते. होडीला पाणी पाजतात हे ती पहिल्यांदा ऐकत होती. मग सगुणाने सांगितलं. वाळलेली होडी तशीच पाण्यात सोडली तर ती तरत नाही, शंभर फटींनी पाणी घेते. म्हणून आधी आपणच बुडवायची. पोटात दगड भरून तळाला बसवायची. लाकूड आतून-बाहेरून पितं, फुगतं, वाती आवळतं. पंधरा दिवसांनी वर काढायची. तिचा बाप दर वर्षी करायचा. इकडे होडी महिना महिना वाळवायची वेळच आली नाही, म्हणून गावाने बघितलं नव्हतं.

उधाण भर दुपारी होतं. गाव झोपलेलं. ह्या दोघी आणि आणखी दोन बाया. ओंडक्यांवरून चार हात ढकललं, बाकीचं पाण्याने केलं.

“काकांना का नाही सांगितलं?”

“त्यांच्या पोटात ऱ्हात न्हाय. लेकाला फोन गेला असता.”

चंद्राबाई पान तोंडात कोंबता कोंबता हसली. ठसका लागला तिला.

रविवारी निकेतने बांधावरून ते टोक बघितलं आणि बूट न काढता पाण्यात उतरला. त्याला वाटलं, झालं, संपलं सगळं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्याने नाळेला दोर बांधायला घेतला. एका हाताने फोन लावला. पेणहून क्रेन मागवत होता. साखळी लावून उचलू, म्हणत होता. हे सगळं त्याने दोन मिनिटांत केलं.

सगुणा उठली. ती क्वचितच आवाज चढवते. तेव्हा चढवला.

“भरल्या पोटी उचलू नको तिला. कंबर मोडंल.”

पाणी भरलेली होडी साखळीने उचलली तर आतल्या पाण्याचं वजन बरगड्यांवर येतं. त्या तुटतात. निकेत थांबला. मग त्याच्या ध्यानात आलं, की आई रडत नाहीये. मग होडीच्या पोटात भरलेले दगड त्याच्या हाताला लागले.

चंदरने कमरेइतक्या पाण्यात जाऊन नाळेवर बोटांच्या पेरांनी ठोकलं. आवाज ओला आला. हात झटकत तो वर आला. हिला आता दोन महिने ऊन लागेल, म्हणाला, आणि दोन महिन्यांत पाऊस येतो. मग त्याला हसू फुटलं.

“काकी, होडीला पाजलंस ते पाजलंस. मलापन पाजलंस.”

निकेत हसला नाही. पाण्यातून वर आला, बांधावर बसला, बुटांतलं पाणी ओतलं.

“तू व्हय बोललीस ना, आये?”

“व्हय बोलले. कवा, ते न्हाय बोलले.”

“पाच पोरी होत्या त्या दिवशी,” तो म्हणाला. “पाच. एकीला जरी काय झालं असतं, तर तू जगली असतीस का?”

  चंद्राबाईने चावणं थांबवलं. क्षिप्राला त्या क्षणी वाटलं, निकेतचं बरोबर आहे. आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटली.

“पुढच्या उधाणाला तिला वर काडते,” सगुणा शेवटी म्हणाली. “ती फट भरते. मंग एक भरती, एक ओहोटी, बांधून ठेवायची. कुनी पानी उपसायचं न्हाय. सांजेला तू येऊन बघ. तळाच्या बरगड्या पान्याखाली गेल्या असल्या तर दिवाळी झाल्यावर तुजा फायबर. मी सोता ऊन दाखवीन तिला.”

“आनि नाय गेल्या तर?”

“तर पिंपं उचल माज्या पडवीतली.”

निकेतने आईच्या खांद्याकडे बघितलं. ती फट कोण भरणार, हे त्याने विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. अनंता सुतार नव्हता आणि खांदा वर होत नव्हता.

पंधरा दिवसांनी, सकाळी सातच्या सुमाराला, मोठी ओहोटी होती. कॉलेजला सुट्टी लागली होती. क्षिप्रा चौलहून अंधार फिटता फिटता निघून आली. होडी चिखलात उघडी पडलेली. दोघी-तिघींनी दगड काढले. पाणी उपसलं. क्षिप्राने आत बसून फळ्यांकडे बघितलं. उजेडाची एकही पट्टी नव्हती. होडी पुन्हा काळी झाली होती आणि हात लावला तर जड वाटत होती, जेवून उठलेल्या माणसासारखी.

फक्त मागच्या फळीखालून बांधावरचा प्रकाश येत होता. हातभराहून थोडी लांब, बोटाच्या अर्ध्या रुंदीची फट. तिथल्या फळीची कड झिजली होती. ती फुगूनही मिटली नव्हती.

आता राळ चालणार नव्हती, ओल्यावर ती बसत नाही. नुसती तेलात भिजवलेली वात ठोकायची. पाणी परत यायला दोन तास.

सगुणा आडवी झाली, आत शिरली. डाव्या हाताने छिन्नी धरली. उजवा वर जाईना. डाव्याने मोगरी धरली तर छिन्नी धरायला हात उरेना. ती बाहेर आली. चंद्राबाई त्या फळीखाली मावणारी नव्हती. क्षिप्रा शिरली. तिचा हात पोचला. पण तिने तिसराच घाव फळीवर घातला आणि लाकडाची ढलपी उडाली. सगुणाने तिला पायाला धरून बाहेर ओढलं.

“बाई, लाकूड हाय ते. फळा न्हाय.”

गावातले पुरुष कंपनीच्या गाड्यांनी कधीच गेले होते. तासभर असाच गेला. लांब, खाडीच्या वळणावर, पाण्याची कड चकाकायला लागली.

बांधावरून रामचंद्र म्हणाला, “सर बाजूला.”

कुणाला म्हणाला, ते आधी कळलं नाही. त्याने लेंगा वर खोचला होता. बांधाच्या उतारावर बसला आणि बसल्या बसल्याच चिखलात घसरला. उभा राहिला. घोट्याच्या वर चिखल आला, पिंढरीला आला. तो होडीकडे बघत होता, पाण्याकडे नाही. सगुणाने त्याला हात दिला नाही. नुसती बाजूला झाली.

त्याचे लांब हात फळीखाली सरळ गेले. कोपर दुमडायलाही जागा उरली.

“छिन्नी वाकडी धर,” सगुणा म्हणाली.

“ठाव हाय,” तो आतून म्हणाला. “चाळीस वर्सं बगतोय.”

आणि खरंच त्याला ठाऊक होतं. पहिला घाव हलका, दुसरा जरा भारी. वात सारली, दाबली, ठोकली. क्षिप्रा आवाज ऐकत होती. ठणठणीत. मग जाड. मग ठप्प. सगुणानेही तो ऐकला. ती पाठ फिरवून उभी होती, खाडीकडे तोंड करून, आणि दर ठप्पला तिची मान इवलीशी हलत होती.

वीतभर झालं. आणखी वीतभर. तेवढ्यात भरतीचं पहिलं पाणी चिखलातल्या घळीतून आलं आणि होडीबाहेर राहिलेल्या त्याच्या पायांना लागलं.

तो असा काही बाहेर आला की मोगरी एकीकडे आणि छिन्नी दुसरीकडे गेली. चिखलातून हातापायांवर बांधावर चढला आणि वर गेल्यावरच श्वास घेतला. चंद्राबाई हसून हसून खाली बसली. म्हणाली, चुकली गो रामचंद्राची एसटी.

फट चार बोटं उघडी राहिली होती. अर्धवट ठोकलेल्या वातीचं टोक तिच्यातून लोंबत होतं. ती भरायला आता वेळही नव्हता, हातही नव्हता. सगुणाने होडी खुंट्याला बांधली आणि घरी जाऊन भाकऱ्या टाकल्या.

दुपारी उधाण चढलं. होडी उचलली गेली, तरंगली. क्षिप्रा बांधावर बसून राहिली. तिला आत जाऊन बघायचं होतं. पण ठरलं होतं, कुणी हात लावायचा नाही. सगुणा एकदाही बघायला आली नाही. ती घरात भांडी घासत होती. घासलेलीच घासत होती, असं रामचंद्र नंतर म्हणाला.

संध्याकाळी निकेत आला. ह्या वेळी बूट काढून. ओहोटीच्या पाण्यातून चालत होडीपाशी गेला आणि आत वाकला. किती तरी वेळ वाकलेलाच राहिला. मग तळाच्या बरगडीवर त्याने तळहात ठेवला, उचलला आणि बघितला. बरगडी वर होती. खाली पाणी होतं, दोन फळ्यांच्या खळग्यात, तांब्या-दोन तांबे. चार बोटांतून आलेलं.

“ही मागची कुणी भरली?” त्याने विचारलं.

मग त्याने बापाकडे बघितलं. रामचंद्राने अंघोळ केली होती, पण कानामागे चिखल सुकला होता.

“मी बांधावर व्हतो,” रामचंद्र म्हणाला.

निकेत पडवीत गेला. एक पिंप स्वतः उचललं, दुसऱ्याला चंद्राबाईच्या जावयाला हाक मारली. दोन्ही पिंपं आणि कापडाची गुंडाळी डंपरमध्ये टाकली. जाताना आईच्या खांद्याला मलम चोळलं. नेहमीपेक्षा जोरात चोळलं असावं. ती एकदा कण्हली. पोरी दोनच बसवायच्या, तो म्हणाला. तीन, ती म्हणाली. ते तीनवर मिटलं.

त्यानंतर तीन आठवडे होडी चालली. मग पावसाआधी नेहमीसारखी वर काढली, धग दिली, तेल दिलं, वर झावळ्यांचं छप्पर घातलं. सगुणाने सगळ्या वाती बोटाने चाचपून बघितल्या. दोन ठिकाणी नवी घातली.

मागची चार बोटं तशीच आहेत. आता जमीन कोरडी आहे, वेळ आहे, होडी कलती करून ठेवली तर डाव्या हातानेही ते जमेल. क्षिप्राने विचारलं, ही कधी भरणार?

“ती माजी न्हाय,” सगुणा म्हणाली. “ज्यानं अर्दी सोडली त्याची हाय.”

रामचंद्र पडवीत बसून सुंभ वळत होता. त्याने ऐकलं. वळत राहिला.

मोगरी आणि छिन्नी सगुणाने धुऊन छपराखाली ठेवली आहेत, फटीच्या बरोबर समोर. वातीचं टोक अजून लोंबतं आहे. तिने ते कापलेलं नाही, आत सारलेलंही नाही.